सोन्याच्या पदकाची तिसरी बाजू

दोस्तांनो, स्पर्धेत मिळालेलं पदक तुम्ही काय करता? गळ्यात घालून फोटो काढता, मग आई ते कपाटात ठेवून देते. आज अशाच एका पदकाची गोष्ट. फक्त हे पदक अस्सल सोन्याचं आहे, बरं का!

१ जानेवारी १८७७. दिल्लीत मोठ्ठा दरबार भरला होता. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया आता 'कैसर-ए-हिंद', म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, हे जाहीर करण्यासाठी. गंमत म्हणजे राणी तिथे नव्हतीच! ती भारतात कधी आलीच नाही. तिच्या वतीनं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दरबार भरवला. राजे आले, नवाब आले. बडोद्याचे सयाजीराव महाराज तर तेव्हा अवघे १३ वर्षांचे होते.

या प्रसंगाची आठवण म्हणून पदकं पाडली गेली. संस्थानिकांना आणि बड्या अधिकाऱ्यांना सोन्याची, बाकीच्यांना चांदीची. पदक चांगलं सहा सेंटिमीटर रुंद, फितीनं गळ्यात घालायचं. एका बाजूला मुकुट घातलेली राणी आणि दरबाराची तारीख. दुसऱ्या बाजूला नवी पदवी, इंग्रजीबरोबरच फारसी आणि नागरी लिपीतही. नाण्यासारखी किंमत मात्र त्यावर नाही, कारण पदक हे मान देण्यासाठी असतं, खर्चण्यासाठी नाही. सोन्याची पदकं मोजक्याच लोकांना मिळाली, म्हणून आज ती फार दुर्मिळ आहेत.

पण या पदकाला एक तिसरी बाजूही आहे. ती त्यावर कोरलेली नाही.

दिल्लीत हत्ती झुलत होते, तेव्हा आपल्या सोलापूर, नगर, पुणे, सातारा भागांत भीषण दुष्काळ पडला होता. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिण भारतात लाखो माणसं भुकेनं आणि रोगानं मेली. त्याच दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी गेले होते. लोक त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणत. झगमगत्या पोशाखांच्या त्या गर्दीत काकांच्या अंगावर होते हातानं विणलेल्या खादीचे साधे कपडे! आणि मागणी काय? तर इंग्लंडच्या प्रजेला जे हक्क आहेत, तेच आम्हालाही द्या. काकांचा उल्लेख पदकावर कसा असेल?

म्हणून संग्रहालयात एखादं जुनं पदक दिसलं, तर तीन प्रश्न जरूर विचारा. हे कुणी दिलं? कुणाला दिलं? आणि कुणाला दिलं नाही?

जाता जाता एक सूचना. तुमच्या घरी आजोबा-पणजोबांचं एखादं पदक असेल, तर ते चिंच लावून घासूपुसू नका. त्यानं कोरीव काम झिजतं. कडेनं धरा, मऊ कापडात गुंडाळून ठेवा. आणि हो, त्याची गोष्ट आजीला विचारून वहीत लिहून ठेवा. ती हरवली, तर पदक मुकं होतं!