वाकड्या रेघेची ओळख

मागच्या महिन्यात आपण त्रैराशिक पाहिले: एक डझन केळी इतक्याला, तर तीन डझन कितीला? तो हिशेब आलेखावर मांडला की रेघ सरळ येते. या महिन्यात वाकड्या रेघेकडे वळू. मराठी शाळेत तिला वर्गसमीकरणाचा आलेख म्हणतात, उर्दू शाळेत दो दर्जी मसावात की तरसीम आणि कॉलेजात क्वाड्रॅटिकचा ग्राफ. वस्तू एकच, नावे तीन.

हे आधीच सांगण्याचे कारण आहे. जळगाव-धुळ्याकडच्या अनेक घरांत आम्ही पाहतो की पाढे तोंडपाठ असलेली मुलगी आठवी-नववीत गणिताचा हात सोडते. घरचेही म्हणतात, "जाऊ दे, हिला आर्ट्सला घालू." पॉलिटेक्निक आणि सायन्सची वाट तिथेच बंद होते. मुलगी कच्ची नसते. दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरण एकदम सूत्र होऊन समोर येते, आणि उर्दूत शिकलेला शब्द अकरावीत इंग्रजी होऊन आला की तो ओळखू येत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की सूत्र दहावीत येऊ द्यावे, ओळख मात्र सातवी-आठवीतच घरी करून द्यावी. त्यासाठी चौकटीची वही, पेन्सिल आणि अर्धा तास पुरे.

दस्तरखान आणि लेस

चौरस दस्तरखान शिवायचे आहे आणि चारही कडांना लेस लावायची आहे. बाजू 1 मीटर असेल तर लेस 4 मीटर आणि कापड 1 चौरस मीटर लागेल. बाजू 2 मीटर केली तर लेस 8, कापड 4. बाजू 3 तर लेस 12, कापड 9. बाजू 4 तर लेस 16, कापडही 16. बाजू 5 तर लेस 20, कापड 25.

मुलांना विचारा, लेस दर वेळी किती वाढली? चार, चार, चार. आणि कापड? 3, 5, 7, 9. म्हणजे कापडाची वाढच वाढत जाते. आता या वाढीतला फरक काढायला सांगा: 2, 2, 2. वर्गाचे बिऱ्हाड ओळखायची हीच खूण. बाजू सारख्या अंतराने वाढवत नेली की सरळ रेघेत पहिला फरक सारखा राहतो, वर्गात दुसरा फरक सारखा राहतो. मोठे दस्तरखान घेताना कापड अंदाजापेक्षा जास्त का लागते, हे दादीला माहीत असतेच. मुलाला त्याचे कारण कळते.

मग वहीत आडव्या रेषेवर बाजू आणि उभ्या रेषेवर कापड घेऊन ठिपके मांडा. इथे बहुतेक मुले पट्टी घेऊन ठिपके जोडतात. त्यांना रागावू नये, एक प्रश्न विचारावा: बाजू दीड मीटर असेल तर? दीड गुणिले दीड म्हणजे 2.25. पट्टीची रेघ तिथे 2.5 दाखवते. खरा ठिपका पट्टीच्या खाली येतो. आणखी दोन-तीन मधले ठिपके काढले की मूल स्वतःच पट्टी बाजूला ठेवते आणि हाताने वळण काढते.

बकऱ्यांचे कुंपण

बकरी ईदला घरी दोन-चार बकरे येतात. अंगणात त्यांच्यासाठी 40 फूट तारेच्या जाळीचे आयताकृती कुंपण करायचे आहे. लांबी आणि रुंदी मिळून 20 फूट होतात. रुंदी 1 घेतली तर लांबी 19, जागा 19 चौरस फूट. रुंदी 2 तर 36. पुढे 51, 64, 75, 84, 91, 96, 99 आणि रुंदी 10 असताना 100. रुंदी 11 केली की पुन्हा 99. जाळी तेवढीच, पण जागा वाढत वाढत एका ठिकाणी थांबते आणि उतरू लागते.

याचे ठिपके मांडले तर पालथ्या कटोऱ्यासारखी आकृती येते. मघाचे कापडाचे वळण म्हणजे सरळ ठेवलेल्या कटोऱ्याची एक बाजू. मराठीत या आकृतीला अन्वस्त म्हणतात, इंग्रजीत पॅराबोला. क्रिकेटचा चेंडू उंच मारला की तो हवेत साधारण याच वळणाने जातो.

आता खरा प्रश्न. जागा 75 चौरस फूट हवी असेल तर रुंदी किती ठेवावी? एक मूल 5 म्हणेल, दुसरे 15 म्हणेल. दोघे भांडतील आणि दोघेही बरोबर असतील. आलेखावर 75 वर आडवी रेघ ओढा, ती वळणाला दोन ठिकाणी छेदते. 100 वर ओढा, ती शिखराला फक्त टेकते, उत्तर एकच. 120 वर ओढा, ती वळणाच्या वरून निघून जाते. त्या जाळीत तेवढी जागा मावतच नाही. वर्गसमीकरणाला कधी दोन उत्तरे, कधी एक, कधी एकही नाही, हे दहावीत सूत्राने शिकवतात. इथे आठवीचे मूल ते डोळ्यांनी पाहते.

बगदाद ते चाळीसगाव

हा इल्म आपल्यापर्यंत कसा आला, तेही मुलांना सांगावे. खलिफा मामूनच्या काळात (813 ते 833) बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांनी अल-जब्र आणि मुकाबला या विषयावर किताब लिहिली. अल्जिब्रा हा शब्द तिच्या नावातून आला. तिचा मोठा भाग विरासत आणि वसीयतीच्या वाटण्यांवर आहे. त्यांच्याकडे आजची चिन्हे नव्हती, सगळे शब्दांत लिहिलेले होते. त्यांचे एक प्रसिद्ध उदाहरण असे: एका संख्येचा वर्ग आणि त्या संख्येची दहापट मिळून 39 होतात, तर ती संख्या कोणती?

हे कागद कापून करा. एक चौरस घ्या, त्याची बाजू ठाऊक नाही. दहापटीचे दोन सारखे भाग करा, म्हणजे 5 रुंदीच्या दोन पट्ट्या होतील. त्या चौरसाच्या लगतच्या दोन बाजूंना चिकटवा. कोपऱ्यात 5 बाय 5 ची जागा रिकामी राहते. ती भरली की 39 आणि 25 मिळून 64. पूर्ण चौरसाची बाजू 8. त्यातून 5 गेले, उरले 3. पडताळा: 9 आणि 30, बरोबर 39. पूर्ण वर्ग पद्धत म्हणतात ती हीच.

दुसरे नाव आपल्या खानदेशाशी जोडलेले आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास बीजगणित लिहिले. त्यात वानरांचे एक कोडे आहे. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग करावा, तितकी वानरे रानात खेळत आहेत आणि 12 टेकडीवर आहेत, तर एकूण किती? 16 घेतले तर आठवा भाग 2, त्याचा वर्ग 4, अधिक 12. 48 घेतले तर 6, 36, अधिक 12. पुन्हा दोन उत्तरे, दोन्ही खरी.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. त्याचा 1207 चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि बाजारातल्या मालावरून मठाला काय द्यायचे ते त्यात लिहिले आहे. बाजारपेठेने गणिताच्या शिक्षणाचा खर्च उचलला. आज बिरादरीत फीचा प्रश्न निघतो तेव्हा ही गोष्ट आठवावी.

पुढे शाहजहानच्या काळात, 1634-35 मध्ये, त्याच बीजगणिताचा फारसी तर्जुमा झाला. तो करणारे अताउल्लाह रशीदी हे ताजमहालाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याचे वास्तुकार म्हणूनही अताउल्लाह यांचेच नाव सांगतात. मकबरा पाहायला मुलांना नेलेत तर हेही त्यांच्या कानावर घाला. अरबी, संस्कृत, फारसी, मराठी, उर्दू या सगळ्या भाषांतून हा इल्म फिरला आहे. मग आपल्या मुलीला एका भाषेतून दुसरीत जाताना तो अवघड का वाटावा? वहीच्या मागच्या पानावर तिन्ही नावे शेजारी शेजारी लिहून ठेवायला सांगा: दो दर्जी मसावात, वर्गसमीकरण, क्वाड्रॅटिक इक्वेशन. तरसीम, आलेख, ग्राफ. अकरावीत हे पान कामी येईल.

अम्मी-अब्बूंना एकच विनंती. तुम्हाला हे गणित आले पाहिजे अशी सक्ती नाही. शेजारी बसा, ठिपके मोजा आणि "असे का झाले?" एवढे विचारा. "आपल्या खानदानात कुणाला गणित येत नाही," हे वाक्य मात्र मुलांसमोर काढू नका.

या महिन्याचा गृहपाठ: तीच 40 फूट जाळी, पण आता कुंपणाची एक बाजू घराच्या भिंतीची आहे. तिथे जाळी लागत नाही. जास्तीत जास्त जागा मिळायला रुंदी किती ठेवावी? इशारा एवढाच की या वेळी उत्तर चौरस नाही. कोष्टक करा, ठिपके मांडा, शिखर शोधा. उत्तर पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह.