आधी मूर्ती, मग देखावा

‘तयार झालं की देऊ’ हे वाक्य ऐकायला फार सात्त्विक वाटतं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना ते विशेष प्रिय. तारखा धंदेवाल्यांनी पाळाव्यात. आमची माणसं हौशी, त्यांच्यामागे घड्याळ लावलं की कच्चा माल बाहेर पडणार, असं त्यांचं म्हणणं.

मला तर नेमकं उलटं दिसतं. कच्चा माल घुसतो तो तारीख नसते तेव्हा. लिनक्स कर्नलची २.४ आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये आली, २.६ आली डिसेंबर २००३ मध्ये. ही गाडी चुकली तर पुढची कधी, हे कुणालाच ठाऊक नाही. मग जो तो अर्धवट काम घेऊन दारात लोंबकळणारच. कर्नलभोवती पूर्ण प्रणाली बांधून देणारे डिस्ट्रोवाले तरी किती थांबतील? त्यांनी नव्या सोयी आपापल्या २.४ मध्येच ठोकून बसवल्या आणि प्रत्येकाचं २.४ वेगळं झालं.

आज कर्नलचा नऊ-दहा आठवड्यांचा फेरा आहे. पहिले दोन आठवडे मर्ज विंडो उघडी, नवं काम शिरतं ते तेव्हाच. मग बहुधा दर रविवारी एक आरसी, म्हणजे चाचणीची आवृत्ती, तिच्यात दुरुस्त्याच. सातव्या-आठव्या आरसीनंतर रिलीज. विंडो चुकलेल्याला आकांत करावा लागत नाही. दोन-अडीच महिन्यांत दार पुन्हा उघडतं. आणि ‘आत्ता नाही’ म्हणणाऱ्या मेंटेनरला वाईटपणा घ्यावा लागत नाही. हा फायदा कुणी मोजत नाही. मला तोच सर्वांत मोठा वाटतो.

तारीख कधी हलतच नाही असंही नाही. मेल्टडाउन-स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटींच्या धांदलीत, जानेवारी २०१८ मध्ये, कर्नलच्या ४.१५ ला नववी आरसी काढावी लागली. उबुंटूची एप्रिल २००६ ची आवृत्ती सहा आठवडे लांबली, ६.०४ व्हायची ती ६.०६ झाली, उशीर थेट क्रमांकातच छापला गेला. तारीखच नसती तर उशीर झाला हे तरी कुणाला कळलं असतं?

राहता राहिली हौशी माणसं. गणेश मंडळात कुणाला पगार असतो? तरी चतुर्थीला मूर्ती बसतेच. देखाव्याचा पडदा तिसऱ्या दिवशी उघडला तरी चालतं.

हौशी माणसांच्याच डेबियन या डिस्ट्रोचं बघा. ३.० आली जुलै २००२ मध्ये, ३.१ साठी जून २००५ उजाडला. ‘तयार झाल्यावरच’ हे ब्रीद त्यांनी अजून सोडलेलं नाही. फक्त फ्रीझच्या, म्हणजे नवं काम घेणं थांबवण्याच्या, तारखा आता आधी जाहीर होतात, आणि २०१३ पासून २०२५ पर्यंत एकही विषम वर्ष चुकलेलं नाही.