शस्त्रबंदीची सरहद्द

झरी येथे मे 1945 मध्ये वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार नाकारण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्यास पोलिसांनी गोळीबार केला. पाच आदिवासी बळी गेले. बंदुका कोणाच्या हाती असाव्यात, हे लिटनशाहीतील 1878 च्या हत्यार कायद्याने आधीच ठरविले होते : एतद्देशीयांना परवाना, युरोपियनांना दीर्घकाळ सूट.

तोच कायदा पुढे याच मुलखाच्या कामी आला, हे कार्यकर्त्यांनी ध्यानी घ्यावे. तलासरीशेजारच्या दादरा-नगर हवेलीतून 1954 साली पोर्तुगीज सत्ता उखडली गेली. दमणहून फौज नेण्यास भारताने वाट दिली नाही, म्हणून पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेले. न्यायालयाने 12 एप्रिल 1960 रोजी खासगी माणसे, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांचा मार्गाधिकार मान्य केला. सशस्त्र दले व शस्त्रास्त्रे यांचा मात्र 8 विरुद्ध 7 मतांनी नाकारला. आधारांपैकी एक होता 1878 चाच इंग्रज-पोर्तुगीज तह आणि हत्यार कायद्याखालील नियम : विशेष परवान्याविना शस्त्रे सरहद्दीपार नेता-आणता येत नसत.

आज 1959 च्या कायद्याचे कलम 10 आयात-निर्यातीस परवाना मागते, आणि 'शस्त्र' या संज्ञेत सुटे भागही येतात. हे बंधन सैल करा म्हणणे ही धनिकाची बाजू होय. परदेशी रायफल तो घेईल. वारल्याच्या हाती कोयताच राहील. बंधन राहावेच, पण जिल्ह्यात बंदुकीचे परवाने कोणाला मिळतात, त्याची यादी ग्रामसभेपुढे ठेवा, ही मागणी पक्षाने आता लावून धरली पाहिजे.