गुरुजींचं नाव काय हो?

शनिवारी किकवीला घरी गेलो की रविवारी काहीतरी निमित्त काढून भटकायचं, हा माझा जुना उद्योग. परवा सारोळा, शिरवळ ओलांडून, खंबाटकी चढून वाईला गेलो. ढोल्या गणपती झाला, मिसळ झाली. बरोबरच्या दोन मित्रांना सहज विचारलं, "विनोबा इथे कोणाकडे शिकले माहितीये?" दोघेही गप्प. खरं सांगायचं तर गेल्या वर्षीपर्यंत मलाही माहीत नव्हतं :)

त्यांचं नाव नारायणशास्त्री मराठे. जन्म १८७७. वाईत प्रज्ञानंद सरस्वतींकडे शिकले आणि १९१६ साली त्यांनी प्राज्ञपाठशाळा काढली. स्वतःच्या नावाची नाही बरं का, गुरूंच्या नावाची! १९१७ च्या सुमारास विनोबा गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन इथे आले आणि त्यांच्याकडे उपनिषदं, शांकरभाष्य शिकले. दुसरे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, पुढे मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक. अस्पृश्यता निवारणाला शास्त्राचा आधार दाखवण्यात गांधीजींना ज्यांची मदत झाली, तेच हे. मराठे १९३१ मध्ये संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले, १९५५ मध्ये गेले. सात खंडांचा मीमांसाकोश त्यांचा. शेवटचे खंड ते गेल्यावर छापले गेले.

आता मीमांसा म्हणजे आपल्याला काय, असं वाटेल. पण बघा, ते शास्त्र वाक्याचा नेमका अर्थ कसा लावायचा याचं आहे. दोन पुरावे भांडायला लागले तर कोणता वरचढ, याचा ठरलेला क्रम त्यात आहे: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. आधीचा नंतरच्यापेक्षा बलवान. म्हणजे थेट सांगितलेलं सर्वांत वर आणि नुसत्या नावावरून काढलेला अर्थ सर्वांत खाली. फंक्शनच्या नावावर विश्वास ठेवून दोन दोन रात्री डिबग करत बसणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल, सांगायला नको!

माझं म्हणणं असं की माणसं जोखताना आपण हाच क्रम उलटा करतो. नाव मोठं तर माणूस मोठा. शिकवणारा मागेच राहतो.

आणि हे मी दुसऱ्यांना सुनावतोय अशातला भाग नाही. आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगा आलाय. हुशार आहे, पण प्रश्न फार विचारतो. गेल्या रिलीजला मी त्याला "राहू दे, मी करतो" म्हणालो आणि त्याचं काम वीस मिनिटांत उरकलं. अप्रेझलमध्ये माझं कौतुक झालं. त्या फॉर्मात 'कोणाला काय शिकवलं' असा रकानाच नाही. तो मुलगा आता प्रश्न विचारत नाही.

किकवीच्या शाळेत मला अपूर्णांक येईनात, तेव्हा गुरुजींनी भाकरीचे तुकडे करून दाखवले होते. स्वतःच्या डब्यातल्या. त्यांनी जर "राहू दे, मी करतो" म्हटलं असतं तर?

असो. सोमवारी त्या मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसणार आहे. वीस मिनिटांचं काम दोन तासांनी होईल. होऊ दे.

तुमच्या गुरुजींचं नाव आठवतंय ना?