फक्त ७४६!

दोस्तांनो, पुणे जिल्ह्याचा नकाशा काढा बघू. शिरूर आणि दौंड शेजारी-शेजारी, मधे भीमा नदी. पण लोकसभेला शिरूरकरांचा मतदारसंघ शिरूर अन् दौंडकरांचा बारामती! २०२४ मध्ये दौंडला ७ मे रोजी मतदान, शिरूरला १३ मे रोजी.

आता गंमत ऐका. २०१९ च्या विधानसभेला दौंडमध्ये भाजपचे राहुल कुल आणि राष्ट्रवादीचे रमेश थोरात यांच्यात अशी चुरस झाली की काही विचारू नका. मतं पडली दोन लाखांहून जास्त, आणि कुल जिंकले फक्त ७४६ मतांनी! एवढी मुलं तर एखाद्या मोठ्या शाळेच्या प्रार्थनेला उभी असतात. हेच कुल २०१४ मध्ये राष्ट्रीय समाज पक्षाकडून निवडून आले होते. शिरूरकरांनी तर २०१४ ला भाजपचे बाबूराव पाचर्णे निवडले, अन् २०१९ ला राष्ट्रवादीचे अशोक पवार. तेव्हा 'हा तालुका अमक्याचाच' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर खुशाल हसा.

आणि २०२४ च्या लोकसभेला शिरूर मतदारसंघात शंभरातले साधारण ५४ जणच मतदानाला गेले. बाकीचे? कुणी कामाला बाहेरगावी, कुणाला ऊन, कुणाला चक्क कंटाळा! तुमच्या आळीतले किती गेले होते, विचारा बरं. कुणाला मत दिलं ते मात्र विचारायचं नाही हं, ते गुपित असतं.