औषधांचीही शेजपाळी हवी

एप्रिल 2021 मध्ये कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना बारामतीत पोलिसांनी एक टोळी पकडली. रेमडेसिविरच्या वापरून रिकाम्या झालेल्या कुप्या गोळा करावयाच्या, त्यांत पॅरासिटामॉलचे द्रावण भरावयाचे आणि एकेक कुपी 35 हजार रुपयांपर्यंत विकावयाची, असा तो धंदा होता. माणुसकीला काळिमा म्हणून त्याचा सर्वत्र धिक्कार झाला आणि तो योग्यच होता. परंतु समाजवादी कार्यकर्त्याने धिक्कारापाशी थांबून भागणार नाही. चोर पकडला गेला म्हणजे चोरबाजार संपत नाही. रिकामी कुपी 35 हजारांना घेण्यास माणूस तयार होतो, तो काही मूर्ख असतो म्हणून नव्हे. डॉक्टरने लिहून दिलेली चिठ्ठी त्याच्या हातात असते, दवाखान्याच्या कपाटात औषध नसते आणि खाटेवर आपले माणूस धापा टाकत असते. त्या चिठ्ठीपासून कपाटापर्यंतचे अंतर कोणी निर्माण केले, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे पहिले उत्तर बाजाराच्या स्वभावातच आहे. 2020 च्या अखेरीस आणि 2021 च्या प्रारंभी रुग्णसंख्या उतरली तेव्हा रेमडेसिविरची मागणी घटली व कारखान्यांनी उत्पादन आखडते घेतले. कारखानदाराच्या हिशेबाने यात काहीच गैर नव्हते. न खपणारा माल तयार करून तो कशाला ठेवील? मात्र साथ गेल्या महिन्याची विक्री पाहून येत नाही. मार्चमध्ये रुग्ण वाढू लागले, कारखाने पुन्हा वेग घेईपर्यंत आठवडे गेले आणि त्या आठवड्यांत माणसे रांगेत उभी राहिली. निर्यातबंदी 11 एप्रिलला आली. किमती उतरविण्याची घोषणा त्यानंतर झाली, राज्यवार वाटप त्याहून नंतर, आणि पुणे जिल्ह्यात किरकोळ विक्री थांबवून औषध थेट रुग्णालयांना देण्याची व्यवस्थाही तेव्हाच करावी लागली. पीक जळून गेल्यावर कालव्याला पाणी सोडावे तसा हा प्रकार झाला.

याच संदर्भात एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या औषधासाठी लोकांनी दागिने मोडले, त्याने मृत्यू टळत असल्याचा भरीव पुरावा तेव्हा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच रेमडेसिविर वापरू नये असा सशर्त सल्ला दिला होता. उलट जून 2020 मध्ये ब्रिटनमधील चाचणीतून निघालेला निष्कर्ष असा होता की, डेक्सामेथासोन हे जुने, पेटंटमुक्त, काही रुपयांत मिळणारे औषध प्राणवायूवर असलेल्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एक पंचमांशाने आणि कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते. पण डेक्सामेथासोनसाठी कोणी रांग लावली नाही. ज्यात नफा नाही त्याची जाहिरात नाही, आणि जाहिरात नाही म्हणून मागणी नाही. म्हणून साथीच्या काळात कोणते औषध किती घ्यावयाचे, हा निर्णय चिठ्ठ्यांच्या गर्दीवर न सोडता शास्त्रीय यादीवर सोपविला पाहिजे. जयसुखलाल हाथी समितीने 1975 च्या अहवालात आवश्यक औषधांच्या निश्चित यादीचा आग्रह धरला होता तो याचसाठी. औषध उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाची तिची शिफारस सत्ताधाऱ्यांनी बासनात बांधून ठेवली; यादीचे तत्त्व कागदोपत्री मान्य झाले, व्यवहारात मात्र अर्धेच उतरले.

आणि सरकारने आधी साठा करून ठेवणे अशक्य असते, असे कोणी म्हणत असेल तर त्याने पुण्याचाच 2009 चा अनुभव आठवावा. स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्यात घेतला. शहर घाबरले, नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या. परंतु ऑसेल्टामिविर या औषधाचा काळाबाजार 2021 सारखा माजला नाही. 2006 मध्ये नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाल्यानंतरच्या काळात केंद्राने त्या गोळ्यांचा साठा केला होता आणि आरंभी त्या सरकारी दवाखान्यांतूनच दिल्या जात होत्या. त्या गोळीच्या गुणाविषयी पुढे पुष्कळ वाद झाले, तो भाग निराळा. साठा सरकारच्या हाती असला की भीतीचा लिलाव होत नाही, एवढे त्यावरून दिसले.

महाराष्ट्राने या अनुभवातून काय घेतले? 2017 मध्ये राज्याने सर्व खात्यांची औषधखरेदी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपविली. प्लेगच्या लसीचा वारसा सांगणाऱ्या, लस बनविणे हेच ज्याचे काम त्या संस्थेला खरेदीदार करण्यात आले. निविदा, फेरनिविदा, थकलेली देयके आणि माघारी फिरणारे पुरवठादार यांत वर्षे गेली. महालेखापरीक्षकांच्या अहवालातही विलंबावर आणि मागणीपेक्षा अपुऱ्या पुरवठ्यावर बोट ठेवले गेले. शेवटी 2023 मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्यात आले. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले. निर्णय स्वागतार्हच आहे. पण कपाट रिकामे असेल तर फुकट उपचार म्हणजे फुकट चिठ्ठी. त्यानंतर दीड महिन्याने नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. औषधांचा तुटवडा हे कारण शासनाने नाकारले आणि उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. 2024 मध्ये नागपूरच्या सरकारी रुग्णालयांना पुरविलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांत औषधच नसल्याचे तपासात निघाले. बारामतीची कुपी चोरांनी भरली होती. नागपूरच्या गोळ्या रीतसर खरेदीच्या वाटेने आत आल्या, हे अधिक गंभीर म्हटले पाहिजे.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील शेतकऱ्याला हा सगळा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. नीरा डावा कालवा त्याने पाहिलेला आहे. मुखाकडच्या गावांची पाळी झाली, त्यांचा ऊस भिजला, मग उरलेले पाणी खाली सरकते आणि इंदापूरच्या शेपटीला पोहोचेपर्यंत आवर्तन संपलेले असते. औषधाचे आवर्तनही असेच चालते. राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि तेथून उपकेंद्राला. प्रत्येक टप्प्यावर थोडे मुरते, थोडे अडते. ज्या गावाची ओळख नाही, ज्याच्या वतीने मुंबईला कोणी फोन करीत नाही, ते गाव शेपटीचे. बारामती तालुक्यातही सुपे-मोरगावकडचा जिरायती पट्टा शेपटीचाच म्हणावयाचा, कारण कालव्याचे पाणी तेथे नाही आणि औषधाच्या बाबतीतही तो लांबच पडतो.

त्यात भर म्हणजे हा कालवा एक नसून तीन आहेत. बारामती शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते वैद्यकीय शिक्षण खात्याचे. सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याचे. भोवतालची प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची. तिघांची अंदाजपत्रके वेगळी, मागणीपत्रे वेगळी, साठ्याच्या नोंदवह्या वेगळ्या. एका भांडारात सलाइनच्या बाटल्या मुदत संपेपर्यंत पडून राहाव्यात आणि चार मैलांवरील दुसऱ्या दवाखान्यात त्या नसाव्यात, यासाठी कोणी वाईट वागण्याची गरज नाही. प्रत्येकाने नियमाने वागले की पुरे. संगणकावर साठा दाखविणारी ई-औषधी प्रणाली आहे खरी, पण पडद्यावर आकडा दिसला म्हणजे तो माल हलविण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात गुलियन बॅरेची साथ आली तेव्हा हेच अंतर पुन्हा दिसले. दूषित पाण्यातून उद्भवलेल्या या रोगात लागणारे इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन हजारो रुपयांचे आणि एका रुग्णाला अनेक लागतात. शासनाने उपचार मोफत केले ही चांगली गोष्ट झाली. शहरवासीयांसाठी पिंपरीचे यशवंतराव चव्हाण आणि पुण्याचे कमला नेहरू रुग्णालय ठरले; ग्रामीण भागासाठी ससून. इंदापूरहून ससून सुमारे 140 किलोमीटर आहे. पाय लुळे पडलेल्या मजुराला तेथवर नेण्याचे वाहनभाडे मोफत उपचारांत धरलेले नव्हते.

मग हे तालुके तयारी करूच शकत नाहीत काय? दरवर्षी आषाढात त्याचे उत्तर मिळते. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी जाते. एकेकाळी पंढरीच्या वाटेवर पटकी वारीबरोबर चालत असे. वारकऱ्यांना टोचून घ्यावे लागे. आज लाखो माणसे या दोन तालुक्यांतून काही दिवसांत पार होतात आणि तरीही पटकीने गावे ओस पडत नाहीत. कारण पालखी येण्याआधी विहिरींची यादी होते, पाण्यात क्लोरीन पडते, क्षारसंजीवनीची पाकिटे, जुलाबावरची औषधे, सर्पदंशाची लस मुक्कामाच्या गावी पोहोचलेली असते, कोणत्या दिवशी कोणते पथक कोठे ते कागदावर असते. तेच कर्मचारी, तीच आरोग्य केंद्रे, तेच रस्ते. फरक इतकाच की पालखीची तारीख ठाऊक असते आणि तेथे चूक झाली तर ती लाखो डोळ्यांना दिसते. साथीची तारीख ठाऊक नसते, म्हणून तर तिच्यासाठी साठा बारमाही हवा.

असा साठा कसा ठेवावा, हे तामिळनाडूने दाखवून दिलेले आहे. तेथील वैद्यकीय सेवा महामंडळ 1994 मध्ये स्थापन झाले. दर राज्यपातळीवर एकदा ठरतो, पण माल जिल्ह्याजिल्ह्यांच्या गोदामांत काही महिन्यांचा आधीच येऊन पडतो. प्रत्येक दवाखान्याला पासबुक असते. त्यातील रकमेपर्यंत तो आपल्या गरजेप्रमाणे औषध उचलतो. उत्पादकाचे नाव झाकून नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात आणि नापास झाल्यास पुरवठादाराला दार बंद होते. राजस्थाननेही 2011 पासून मोफत औषध योजनेसाठी अशीच घडी बसविली. आपल्याकडे वाद नेहमी खरेदी मध्यवर्ती की स्थानिक असा घातला जातो, तो फसवा आहे. दर मध्यवर्ती आणि साठा स्थानिक, असेच धोरण हवे. स्थानिक खरेदीची सूट वाढविली की तालुक्याच्या दवाखान्याला किरकोळ दराने औषध घ्यावे लागते आणि साथीत तोच बाजार त्याला पाठ दाखवितो.

साठा केला तर औषधे मुदतबाह्य होऊन पैसा वाया जाईल, हा अर्थखात्याचा ठरलेला आक्षेप. अन्न महामंडळ 1965 मध्ये स्थापन झाले तेव्हापासून देश धान्याचा साठा ठेवीत आला आहे; काही धान्य सडते म्हणून साठाच नको असे कोणी शहाणा म्हणत नाही. औषधाचे तर त्याहून सोपे. साथीत लागणाऱ्या बहुतेक वस्तू, म्हणजे सलाइन, प्रतिजैविके, तापाच्या गोळ्या, डेक्सामेथासोन, या रोजच्याही वापरातल्या आहेत. जुना माल आधी मोठ्या रुग्णालयाकडे फिरवावा, नवा साठ्यात ठेवावा. दर तिमाहीला हे फिरते राहिले तर फेकावे लागते ते थोडे. जे थोडे फेकावे लागेल तो विम्याचा हप्ता समजावा. खरा अपव्यय दुसरीकडे आहे. पुरवठादाराचे देयक सहा-सहा महिने थकविले की तो पुढच्या निविदेत त्याचे व्याज दरातच चढवितो, आणि चांगला उत्पादक तर निविदेकडे फिरकतच नाही. वेळेवर पैसे देणे ही औषध स्वस्त करण्याची सर्वांत सोपी रीत आहे. पण त्यात उद्घाटनाचा समारंभ होत नसल्याने पुढाऱ्यांना तिचे आकर्षण कमी.

उत्पादनाचा प्रश्न याच जिल्ह्यात उभा आहे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला. पेनिसिलिन देशात बनू लागले ते तेथे. 2016 च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जमीन विकून देणी भागविण्याचा आणि कारखाना खाजगी हाती देण्याचा निर्णय घेतला. पाच वर्षांच्या आतच याच जिल्ह्यात माणसे एका कुपीसाठी दारोदार हिंडत होती. त्या कारखान्याने सर्व औषधे बनवावीत असे नव्हे. मंदीत खाजगी यंत्रे थांबतात तेव्हा आवश्यक औषधांचे एक यंत्र चालू ठेवणे, एवढे काम तरी सार्वजनिक क्षेत्राकडे हवे.

कालव्यावर शेजपाळी नावाची जुनी पद्धत आहे. कोणाला कधी किती पाणी, हे पाळीपत्रकात आधी लिहिलेले असते आणि शेपटीकडून मुखाकडे भिजवीत येण्याचा नियम असतो. नियम मोडला जातो, पण तो लिहिलेला असल्यामुळे शेतकरी भांडू तरी शकतो. औषधासाठी असे पत्रक नाही. ते मिळवावे लागेल. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या दारावर आवश्यक औषधांची यादी व शिल्लक साठा मराठीत लावलेला असावा. तुटवड्याच्या काळात वाटप उपकेंद्रापासून वर सुरू व्हावे. आणि साथ जाहीर होताच तिन्ही खात्यांचा तालुक्यातील साठा एकत्र हलविण्याचा लेखी अधिकार तालुका आरोग्य अधिकाऱ्याला असावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, शासनाचा आदेश पुरतो.

तो आदेश निघेपर्यंत इंदापूर व बारामतीतील कार्यकर्त्यांना एक काम आजच करता येण्यासारखे आहे. दवाखान्यातून ‘बाहेरून आणा’ म्हणून मिळालेली प्रत्येक चिठ्ठी लोक फेकून देतात. त्या चिठ्ठ्यांवरून रुग्णाचे नाव वगळून तारीख, दवाखाना, औषध आणि दुकानात मोजलेली रक्कम, एवढी चार रकान्यांची वही प्रत्येक गावात ठेवावी. ऊसतोडणी मजुरांच्या तळांवर ती आधी न्यावी, कारण त्यांचे नाव कोणत्याच केंद्राच्या लोकसंख्येत धरलेले नसते. सहा महिन्यांनी या वह्या रुग्ण कल्याण समितीच्या आणि जिल्हा परिषदेच्या बैठकीत, साठ्याच्या सरकारी नोंदवहीशेजारी ठेवून वाचाव्यात.