पदवी नाशिकची, पगार पुण्याचा

निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांत स्थळ पाहताना शेती किती, हा प्रश्न आता मागे पडला आहे. मुलगा पुण्यात आहे का, हे आधी विचारले जाते. जमीन बागायती, घर चांगले, माणसे निर्व्यसनी असली तरी मुलगा गावातच आहे म्हटल्यावर बोलणी पुढे सरकत नाहीत. हे विचारणाऱ्या आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि मे 2024 पर्यंत ती बंदच राहिली. त्या काळात लासलगावच्या बाजारात कांद्याचे काय झाले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. मुलीच्या घरी ठरलेल्या तारखेला पगार यावा, एवढेच त्यांचे मागणे आहे. असा पगार, तोही शिक्षणाला साजेसा, मिळवण्यासाठी मुलाला दोनशे किलोमीटर दूर का जावे लागते, हे मात्र नाशिकच्या कारभाऱ्यांना विचारायलाच हवे.

शिक्षणात नाशिक मागे नाही. मराठा विद्या प्रसारक समाज 1914 पासून गावोगावी शाळा-महाविद्यालये चालवत आहे. हं. प्रा. ठा. महाविद्यालयाने शंभरी गाठली. क. का. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय 1984 चे. मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 मध्ये नाशिकलाच स्थापन झाले. या शिक्षणासाठी घराघराने पोटाला चिमटा काढला, शासनाने शुल्काचा भार उचलला, संस्थांना पिढ्यान्पिढ्या देणग्या मिळाल्या. त्यातून तयार झालेला अभियंता, संगणकतज्ज्ञ, व्यवस्थापनाचा पदवीधर हिंजवडी, खराडी, बंगळूर किंवा थेट परदेश गाठतो. महाविद्यालयांच्या जाहिरातींतही बाहेरगावच्या कंपन्यांची नावे आणि पॅकेजचे आकडे ठळक असतात. इथल्या कारखान्यात किती जण लागले, हे कोणी छापत नाही.

एके काळी चित्र उलटे होते. 1963 मध्ये नाशिकने यशवंतराव चव्हाणांना लोकसभेवर बिनविरोध पाठवले आणि पाठोपाठ ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला. सातपूर, अंबडच्या औद्योगिक वसाहती वसल्या. धुळे-जळगावकडची शिकलेली मुले नाशिकला आली, सिडकोत त्यांनी घरे केली, पुढची पिढी इथेच वाढवली. खानदेशातल्या तरुणाला नोकरीसाठी नाशिक हे हक्काचे शहर होते. आज चोपड्याचा किंवा शिरपूरचा पदवीधर नाशिकला न थांबता पुण्याची गाडी धरतो. सिडकोत स्थिरावलेल्या त्या पहिल्या पिढीची नातवंडेही त्याच गाडीत असतात.

तरुण बाहेर जाण्याची सवय महाराष्ट्राला नवी नाही. कोकणातला चाकरमानी मुंबईच्या गिरणीत राबला. पण त्याची मनीऑर्डर दर महिन्याला गावी येत होती. तिच्यावर चुली पेटल्या, घरे शाकारली गेली. आखातात गेलेल्यांच्या पैशावर केरळ उभा राहिला. माणूस गेला तरी पैसा परत येत होता. पदवीधराच्या स्थलांतरात पैसाही माणसामागून निघून जातो, आणि नाशिकच्या अर्थकारणाला बसणारा खरा फटका हा आहे. मुलाचा वाकडचा फ्लॅट घ्यायचा म्हणून वडील गावाकडचा तुकडा विकतात किंवा निवृत्तीची पुंजी मोडतात. मुलीला जर्मनीला पाठवायचे म्हणून इंदिरानगरचे घर गहाण पडते. पुढे त्या मुलांचे भाडे, बालवाडीची फी, गाडीची खरेदी, सणाचा बाजार, सारे बाहेरच होते. आईवडील थकले की त्यांनाही तिकडे नेले जाते आणि गंगापूर रोडच्या फ्लॅटला कुलूप लागते. पंचवीस वर्षे एका शहराने माणूस घडवायचा आणि तो कमावता झाल्यावरची तीस वर्षे दुसऱ्या शहराने वापरायची, अशी ही वाटणी झाली आहे.

वरवर पाहणाऱ्याला हे दिसत नाही, कारण नाशिक रिकामे होत नाही. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 14 लाख 86 हजार होती आणि वस्ती तेव्हापासून वाढतेच आहे. द्राक्षबागांच्या छाटणीला, काढणीला पेठ-सुरगाण्याचे आदिवासी मजूर कुटुंबकबिल्यासह दिंडोरी-निफाडला उतरतात. बांधकामावर, कारखान्यांत परप्रांतांतले कामगार येतात. हातांना इथे काम आहे. पदवीला नाही.

कारण कारखाने आले, पण त्यांचे डोके बाहेरच राहिले. महिंद्राच्या गाड्या नाशिकला तयार होतात. कंपनीचे मोठे संशोधन केंद्र मात्र 2012 मध्ये चेन्नईजवळ उभे राहिले. बॉश सातपूरला इंजेक्टर बनवते. तिचे भारतातले मुख्यालय बंगळूरला आहे. यंत्र चालवणारा, त्याची देखभाल करणारा, माल तपासणारा इथे लागतो. नव्या भागाचे आरेखन करणारा, त्याच्या चाचणीची संगणकप्रणाली लिहिणारा, बाजाराचा अंदाज बांधणारा अन्यत्र लागतो. अभियांत्रिकीची चार वर्षे ज्या कामासाठी घालवली ते काम इथे मिळत नाही, आणि जे मिळते त्यासाठी आयटीआय पुरेसे आहे. मग कंत्राटावरच्या पगारात मुलगा थांबेल कसा?

शेतीतही हेच. देशाच्या द्राक्ष निर्यातीत नाशिक जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे पुण्याजवळ मांजरीला. कांद्याचा भाव देशभर लासलगाववरून ठरतो. कांदा आणि लसणावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे राजगुरुनगरला, म्हणजे पुन्हा पुणे जिल्ह्यात. चितेगावचे राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान नाशिककडे आहे, हे खरे. पण एवढ्या मोठ्या पिकांच्या जिल्ह्यात कृषी आणि रसायनशास्त्राच्या पदवीधरांना हाक देणाऱ्या प्रयोगशाळा गावोगावी असायला हव्या होत्या.

तशी गरज निर्माण झाली की तरुण थांबतो, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशांवरून युरोपने भारतीय द्राक्षे अडवली आणि शेकडो बागायतदार अडचणीत आले. त्यानंतर अंशतपासणी, प्रत्येक बागेची नोंद, खोक्यावरून शेतापर्यंत माग काढता येणे, या गोष्टींना पर्याय उरला नाही. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने हे काम शेतकऱ्यांच्या मालकीच्या कंपनीत आणले. तिचे प्रवर्तक विलास शिंदे स्वतः राहुरीच्या कृषी विद्यापीठातून शिकलेले. 2022 मध्ये या कंपनीत युरोपीय गुंतवणूकदारांनी 310 कोटी रुपये घातले. हे पैसे मोहाडीला आले, कारण तिथे द्राक्षाच्या पेटीबरोबर तिच्यामागचे ज्ञानही आहे: प्रतवारी, प्रक्रिया, निर्यातीची कागदपत्रे, हिशेब, संगणकावरची नोंद. ही सारी पदवीधरांची कामे आहेत आणि ती खेड्यात बसून होत आहेत. सातपूरच्या ईएसडीएसने डेटा सेंटरच्या धंद्यात तेच करून दाखवले. अशी उदाहरणे दोन-चार आहेत. जिल्ह्याला ती शंभर हवीत.

सरकारी उत्तर मात्र आयटी पार्कच्या इमारतीपाशी येऊन थांबते. अंबडला औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेली इमारत वर्षानुवर्षे ओस राहिली. मग आडगावच्या आयटी हबची घोषणा झाली, राजूर बहुल्याची चर्चा झाली. भिंती उभ्या केल्याने कंपनी येत नाही. कंपनीला अनुभवी माणसे लागतात, आणि ती तर आपण पुण्याला पाठवून दिली आहेत. नाशिक-पुणे रेल्वेचेही तसेच. 235 किलोमीटरच्या या मार्गासाठी सिन्नर-संगमनेरला जमिनी घेतल्या गेल्या, मग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची अडचण निघाली आणि मार्ग शिर्डीकडून वळवण्याचे ठरले. रेल्वे हवीच. पण इथे काम नसेल तर वेगवान गाडी तरुणांना अधिक वेगाने घेऊन जाईल, हे तिची मागणी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

बाहेर जाणाऱ्यांना अडवा, असे आम्ही म्हणत नाही. कित्येक मुलींना पुण्याच्या नोकरीने पहिल्यांदा स्वतःच्या पैशाचे आणि निर्णयाचे बळ दिले आहे. ते कोणी हिरावू नये. आमची काळजी त्यांच्यासाठीही आहे, ज्यांना जाता येत नाही. ज्या मुलीला घरचे बाहेरगावी पाठवत नाहीत, जो मुलगा आजारी बापाला सोडून निघू शकत नाही, त्यांची पदवी भिंतीवरच्या चौकटीत राहते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्थेच्या 2024 च्या अहवालानुसार देशात 2022 मध्ये पदवीधर तरुणांतील बेरोजगारी 29.1 टक्के होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती 3.4 टक्के होती. शिकल्याची शिक्षा व्हावी, असा हा आकडा आहे. नाशिक त्याला अपवाद नाही.

पुढची दोन वर्षे या दृष्टीने फार मोलाची आहेत. 2027 च्या सिंहस्थासाठी हजारो कोटींची कामे नाशिक-त्र्यंबकेश्वरला होत आहेत: रस्ते, पूल, मलनिस्सारण, गर्दीचे नियोजन. या प्रत्येक कामाला आरेखनकार, सर्वेक्षक, संगणक अभियंते, लेखापाल लागणार. सल्लागार नेमताना स्थानिक पदवीधरांना घेण्याची अट निविदेतच घालावी आणि किती घेतले हे जाहीर करावे. 17 ऑक्टोबर 2025 रोजी ओझरला तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-1ए विमानाने उड्डाण केले. तिथे विमानांच्या अद्ययावतीकरणाचे आरेखन केंद्रही आहे. त्याचा विस्तार आणि सुट्या भागांचे आरेखन करणारे स्थानिक उद्योग, यासाठी जिल्ह्याच्या खासदारांनी संरक्षण खात्याकडे ठाण मांडावे. द्राक्ष आणि कांद्याच्या केंद्रीय संशोधन संस्थांच्या शाखा निफाड-दिंडोरीत मागाव्यात. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांनीही आपल्या सदस्यांना विचारावे: नव्या अभियंत्याला तुम्ही पहिल्या महिन्यात काय देता? कॉलेजमधून बाहेर पडलेला मुलगा जेमतेम पगारात राबवून घ्यायचा आणि वर्षभरात तो पुण्याला गेला की माणसे टिकत नाहीत म्हणून तक्रार करायची, हे आता थांबवावे. कुंभाच्या निविदा निघत आहेत. पालिका, जिल्हा प्रशासन आणि राज्य सरकारने स्थानिक पदवीधरांची अट येत्या प्रत्येक निविदेत घालावी, आणि नाशिकच्या आमदारांनी ती घातली जाते की नाही यावर विधिमंडळात जाब विचारावा.